कनेरगाव नाक्याचा तह

हिंगोलीहून परतल्यावर सांगलीत मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: "तिकडची हळद कशी असते हो?" मी गेले होते अण्वस्त्रांविरुद्ध प्रचार करायला. जग जळून खाक होईल का, हा माझा विषय. पण सांगलीकराला जग जळायच्या आधी हळदीचा रंग कळायला हवा असतो. तेव्हा ज्यांनी हिंगोली पाहिली नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. हळद आपल्याइतकीच चांगली असते, थोडी जास्तच म्हणा, आणि हे मी आमच्या पेठेत कुणापुढे बोलणार नाही.

पोखरणला स्फोट झाले तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. मी पेढा परत केला, त्यावरून शेजाऱ्यांशी कडाक्याचं वाजलं आणि त्या भांडणातून आमची शांतता समिती जन्माला आली. अध्यक्ष कर्णिकसर, पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. चिटणीस मी, निवृत्त मुख्याध्यापिका. बाकीचे सभासद नेमके दौऱ्याच्या दिवशी आजारी पडायचे. सर एकदा कुठल्याशा परिषदेसाठी जिनिव्हाला जाऊन आले होते आणि तेव्हापासून ते शहर त्यांच्या अंगातून निघायला तयार नव्हतं. चहा गोड झाला तरी म्हणायचे, "जिनिव्हात साखर वेगळी देतात."

आमचं दोघांचं एका मुद्द्यावर कधी पटलं नाही. सर म्हणायचे, बड्या देशांनी आपली अण्वस्त्रं आधी मोडीत काढावीत, मग आपण अण्वस्त्रबंदीच्या करारावर सही करू. मी म्हणायची, आपण आधी सही करावी आणि मग बड्यांना ताठ मानेनं जाब विचारावा. लोकांसमोर मात्र आम्ही हा वाद काढायचा नाही असं ठरलं होतं. ठरलं होतं खरं.

हिंगोली

स्फोटांनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही निघालो. हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्हा झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्यांवर "जिल्हा" हा शब्द तेवढा कोऱ्या रंगात चमकत होता, बाकीची अक्षरं जुनीच. मोंढ्यातून, म्हणजे तिकडच्या घाऊक बाजारातून, हळदीचा वास यायचा आणि मला उगाच माहेरी आल्यासारखं वाटायचं.

ओळखीतून एक जीप मिळाली. चालक युसूफभाई हिंगोलीचेच, मिशीतल्या मिशीत हसणारे. आमची भली थोरली पत्र्याची पेटी त्यांनी उचलून पाहिली. तिच्यात चित्रपट्ट्या दाखवायचं यंत्र, पृथ्वीचा गोल आणि पोस्टर्स होती.

"इसमें क्या है मॅडम?"

"शांतता," मी म्हटलं.

"वजन बहुत है," असं म्हणून त्यांनी ती मागे चढवली.

जवळा बाजार

आठवडी बाजाराचा दिवस गाठून आम्ही जवळा बाजारला पोचलो. आमच्याकडे बाजारात भडंग खातात, इथे मिरचीची भजी. मिरची अख्खी असते आणि ती खाताना तक्रार करायची नसते. सरांनी एक घास घेतला आणि पुढचं भाषण डोळ्यांतून पाणी गाळत केलं. लोकांना वाटलं, मानवजातीसाठी रडतायत बिचारे. त्या दिवशीइतका परिणाम आमच्या भाषणाचा कधीच झाला नव्हता.

भाषण ऐकणाऱ्यांत एक गृहस्थ मला खटकत होते. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल आणि खांद्यावर वाकडातिकडा लोखंडी दांडा. थोड्या वेळाने पाहते तर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, कापसाच्या गाडीला टेकून, लाल फेटेवाले दुसरे गृहस्थ. त्यांच्याही खांद्यावर तसलाच दांडा. दोघं भाषण ऐकत होते आणि मधूनमधून एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते.

"डिझेल इंजन का हँडल है," युसूफभाई म्हणाले. "घुमाया तो इंजन चालू."

शेतकरी इंजिनाचं हँडल घरी घेऊन जातात, म्हणजे दुसरं कुणी इंजिन चालवू नये, एवढं मला माहीत होतं. पण बाजाराला कोण आणतं? मी धोतरवाल्यांना विचारलं. त्यांचं नाव विश्वनाथराव. जवळच्याच एका गावातले बऱ्यापैकी जमीनवाले.

"म्याडम, आमच्या गावाला या," ते म्हणाले. "हे जे तुमी बॉम्बाचं सांगून राहिले ना, हे बराबर त्या धनसिंगला ऐकवा. त्याच्यासाठीच हाय हे."

मी जीपकडे वळले तर लाल फेटेवाले जीपच्या आडोशाला उभे. हेच धनसिंग, त्या गावापलीकडच्या बंजारा तांड्याचे नाईक. त्यांनी आवाज खाली घेतला. "बाई, आमच्याकडं या. हे सगळं त्या इसनाथला ऐकवा. लई गरज हाय त्याला."

भानगड अशी होती. गाव आणि तांडा यांच्या मधून नाला वाहतो. नाल्यात एक डोह आहे. दोन्ही काठांवर दोघांची हळद. विश्वनाथरावांचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं, म्हणून नाईकांनी आठाचं आणलं. नाईकांनी आठाचं आणलं, म्हणून विश्वनाथरावांनी दहाचं आणलं. आता थोडं पाणी साचलं की रात्रीसुद्धा दोन्ही इंजिनं धडधडायची आणि डोहात नुसता चिखल. दोघांच्याही हळदीची पानं करपायला लागली होती. संक्रांतीच्या आत डोह आटला तर हळकुंडं बोटाएवढीही भरणार नव्हती. वर्ष वाया.

"पण पाणी तर तेवढंच आहे ना?" मी विश्वनाथरावांना विचारलं.

"व्हय."

"मग मोठं इंजिन काहून?" मला तेवढ्यात काहून लागलं होतं.

"त्याचं मोठं हाय म्हून," ते म्हणाले. माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की एवढं साधं बाईला कसं कळत नाही.

आणि हँडल बाजारात आणायचं कारण? हँडल माझ्या खांद्यावर दिसतंय म्हणजे माझं इंजिन बंद आहे, हे समोरच्याला दिसावं म्हणून. एकजण बाजाराला निघाला की दुसराही निघायचा, आणि दोघंही आपापलं हँडल मिरवायचे. एक दिवस लग्नाच्या पंगतीतसुद्धा हँडल मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. सर हे ऐकून हरखून गेले. "परस्पर तपासणी! जिनिव्हात या एका मुद्द्यावर तीन दिवस घालवले आम्ही!"

डोहावरचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी मला तशी ताकीद दिली आहे.

दुपारी पोचलो. विश्वनाथरावांकडे ज्वारीची भाकरी, वरण आणि ठेचा. तिथून हात धुऊन तांड्यावर गेलो तर नाईकांकडेही पानं वाढलेली. नाईकांच्या बाईंनी विचारलं, "तिकडं काय होतं जेवायला?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या भाकरीवर तुपाची अख्खी वाटी उपडी केली. म्हणजे शर्यत इंजिनांपुरती नव्हती. सरांनी दोन्हीकडे पोटभर खाल्लं आणि तटस्थ राष्ट्राचं हे कर्तव्यच असतं असं मला ऐकवलं.

मी डोह पाहून आले. तळाशी थोडं गढूळ पाणी, मधोमध एक मोठा उघडा पडलेला दगड. विश्वनाथराव म्हणाले, तो उडीचा दगड. लहानपणी ते आणि धनसिंग शाळा बुडवून त्या दगडावरून पाण्यात उड्या मारायचे. "मास्तर दोघायला एकाच छडीनं मारायचे," असं म्हणून ते हसले आणि लगेच तोंड वाकडं करून हळदीकडे वळले.

दिवेलागणीला मारुतीच्या पारासमोर सभा. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला तांडा, पुढच्या रांगेत दोन टोकांना ते दोघं. हँडल उभं धरून. मला ते बघवेना. शांततेची सभा आणि पुढे बसलेल्यांच्या हातात लोखंड! उभा जन्म मी शाळेत मुलांचे भोवरे, गलोली आणि चिंचा जप्त करण्यात घालवला आहे. पाय आपोआप निघाले.

"आणा ते इकडे. दोघंही. एकदमच."

काय झालं कोण जाणे, त्या दोघा बाप्यांनी शाळेतल्या पोरांसारखे हात पुढे केले. मी दोन्ही हँडलं पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. "सभा संपली की परत मिळतील."

सरांनी चित्रं दाखवायला सुरुवात केली. जळालेलं शहर आलं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून "अगं माय, लेकरं व्हती ना गं तिथं" म्हणाली. किती वेळा ही चित्रं दाखवली, पण दर वेळी तिथे मी चित्राकडे पाठ करून उभी राहते. मग पुढचं चित्र आलं: दोन देश समोरासमोर, दोघांकडे क्षेपणास्त्रांचे ढीग. अख्ख्या सभेनं माना वळवल्या. अर्ध्यांनी विश्वनाथरावांकडे पाहिलं, अर्ध्यांनी नाईकांकडे. कुणीतरी फिस्सकन हसलं.

नाईक उभे राहिले. "सर, समदं पटलं. पन आधी कोनं खाली ठेवायचं?"

"ज्याच्याकडे मोठं आहे त्यानं," सर म्हणाले.

"मुळीच नाही!" माझ्या तोंडून निघून गेलं. "ज्याला कळलंय त्यानं!"

झालं! सर म्हणाले, हा भाबडेपणा आहे. मी म्हटलं, हा पळपुटेपणा आहे. सर म्हणाले, जिनिव्हात असं बोलणाऱ्याला कुणी उभं करणार नाही. मी म्हटलं, मग तिथेच राहायचं होतं. दीड वर्ष दाबून ठेवलेलं सगळं त्या पारावर बाहेर आलं. गाव आणि तांडा गालात हसत ऐकत होते. विश्वनाथरावांनी मध्ये पडून म्हटलं, "जाऊ द्या म्याडम, घरचं भांडन घरी," तेव्हा तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात वीज गेली.

अंधारातच सामान भरलं आणि निघालो. मागून कुणीतरी ओरडत होतं. मला वाटलं, हुर्यो करतायत.

कनेरगाव नाका

दुसऱ्या दिवशी आम्हाला वाशिमला जायचं होतं. सर माझ्याशी बोलत नव्हते. मी तर मुळीच बोलत नव्हते. दुपारी कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यापाशी थांबलो. झणझणीत शेवभाजी, तव्यावरची भाकरी, कांदा. सरांच्या पुढ्यातलं मीठ संपलं होतं, माझ्याकडे होतं.

"युसूफभाई, मॅडम को बोलो, नमक."

"मॅडम, सर नमक बोल रहे."

"त्यांना म्हणावं, आधी त्यांनी स्वतः बोलावं."

युसूफभाईंनी कपाळाला हात लावला आणि उठून जीपचं सामान आवळायला गेले. पेटी सरकवली तशी आतून खणखण आवाज आला. शेजारी चहा पीत बसलेल्या हवालदारांनी मान वर केली. "पेटीत काय आहे?"

"शांतता," युसूफभाई मला स्मरून म्हणाले.

हवालदारांनी कप खाली ठेवला. मी तोऱ्यात जाऊन कुलूप उघडलं. पृथ्वीच्या गोलाला दोन्ही बाजूंनी रेटून, अगदी समोरासमोर, दोन लोखंडी हँडलं बसली होती.

"सर! तुम्ही परत दिली नाहीत?"

"मी? किल्ली तुमच्याकडे! मला वाटलं तुम्ही दिली!"

रागाच्या भरात का होईना, आम्ही बोललो. पण डोळ्यांपुढे करपलेली हळद आली. पाण्याची पाळी चुकली, माणसं आम्हाला शिव्या देत असतील, आणि देवा, त्या दोघांनी एकमेकांवरच आळ घेतला असेल तर? जिथे हँडलं होती तिथे आता कोयते निघाले असतील. हवालदार दांड्यांकडे बघत शांतपणे विचारत होते, "शांततेच्या प्रचाराला ही लागतात का?"

तेवढ्यात धुळीचा लोट उठला आणि त्यातून एक मोटारसायकल आली. पुढे लाल फेटा, मागे पांढरं धोतर. एकाच गाडीवर! मी डोळे चोळले.

"हे बसले बघा आरामात!" विश्वनाथराव उतरता उतरता कडाडले. "शेवभाजी खाऊन राहिले!"

"हिंगोली पालथी घातली आमी, तवा कळलं वाशिमच्या वाटेला लागले म्हून!" नाईक त्याहून जोरात. "ही काय रीत झाली बाई? जप्त करून पळून जायचं?"

"मागून बोंबललो तं वळून बी पाह्यलं न्हाई!"

"लई तकलीफ दिली तुमी!"

दोघं एका सुरात आम्हाला झापत होते. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. मी मान खाली घालून ऐकत राहिले, आणि खरं सांगते, इतक्या शिव्या खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"पण तुम्ही दोघं एकत्र कसे?" सरांनी विचारलं.

"हा एकटा आला असता तं दोन्ही घेऊन गेला असता," विश्वनाथराव म्हणाले.

"म्या बी तेच म्हनतो," नाईक म्हणाले. "गाडी माझी, टाकीत पेट्रोल त्याचं. बराबर."

गावात दुसऱ्या कुणी आपलं हँडल दिलं नव्हतं. एकाला दिलं की दुसऱ्याशी वैर, म्हणून सगळ्यांनी हात वर केले. मग दोघं सकाळी डोहावर गेले होते, समोरच्यानं कुठून मिळवलं तर नाही ना, हे बघायला. इथवर विश्वनाथरावांनी सांगितलं. नाईकांनीच पुढे सांगितलं.

"रातभर कोनाचंच इंजन न्हाई चाललं. डोह वापस भरला बाई. उडीच्या दगडाला पानी लागलं व्हतं."

"लई वर्सानं," विश्वनाथराव धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले. धूळ बरीच होती म्हणा.

हवालदारांनी दोन्ही हँडलं टेबलावर ठेवली. "घ्या आणि जा." आणि इथे वाटाघाटी अडल्या. गाडी नाईक चालवणार, म्हणजे हँडलं मागे बसलेल्या विश्वनाथरावांच्या हातात.

"दोन दोन लोखंडं घेऊन हा माझ्या टाळक्यामागं बसनार?" नाईक म्हणाले. "न्हाई जमत."

"मंग मी चालवतो, तू मागं बस."

"आता तुझं टाळकं पुढं. चाललं तुला?"

"न्हाई," विश्वनाथराव थोडा विचार करून म्हणाले.

सरांनी पिशवीतून कागद काढला. कलमवार मसुदा लिहू, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊ, हवालदार साक्षीला. त्यांचे डोळे चमकत होते. साऱ्या आयुष्यात जिनिव्हानंतर ही एकच संधी आली होती. पण त्या दोघांनी ढाबेवाल्याला आणखी एक शेवभाजी सांगितली होती आणि ते एकाच ताटात भाकरी मोडत बसले होते.

"एकच न्यावं," नाईक म्हणाले.

"कोनचं?"

"माझं आठाचं. डिझेल कमी खातं. दोघाच्या हळदीला आळीपाळीनं पानी."

विश्वनाथराव चावायचे थांबले. "इंजन तुझ्या काठावर. मी झोपलो की तू चालवशील."

"ह्यांडल तुझ्या घरी ठेव ना मंग."

विश्वनाथरावांनी बोटं चाटली. ताटातला शेवटचा तुकडा अर्धा केला, अर्धा नाईकांकडे सरकवला. "आन माझं दहाचं? ते घरात असलं तं माझा हात शिवशिवनार. मला म्या ओळखतो."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी जप्त केलंच हाय," विश्वनाथराव म्हणाले. "राहू द्या जप्त."

मोटारसायकल गेली. मागे बसलेल्या विश्वनाथरावांच्या मांडीवर नाईकांचं हँडल होतं आणि ते दुसऱ्या हातानं नाईकांचा खांदा धरून बसले होते. सरांनी कोऱ्या कागदाची घडी घातली. "पण आधी कुणी ठेवलं?" ते पुटपुटले. "मोठ्यानं की ज्याला कळलं त्यानं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "दोघांचंही एका भांडकुदळ समितीनं पळवलं." आणि मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

सांगली

ते हँडल माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं आहे. शेजारी विचारतात, मी सांगत नाही. दर वर्षी शिमग्यानंतर हळदीचं एक पुडकं येतं, दोन काठांची एकत्र केलेली. सर त्यातली निम्मी नेतात आणि करारावरचं आपलं मत मात्र तसूभर बदलत नाहीत. मीही नाही.

काही वर्षांनी विश्वनाथराव हळद घेऊन सांगलीच्या पेठेत आले आणि पत्ता शोधत घरी आले. चहा झाला. मग हळूच म्हणाले, "ते हाय का अजून?"

मी हँडल काढून दिलं. त्यांनी ते हातात तोललं, अंगठ्यानं गंज खरवडला, हवेत एक अर्धा फेरा फिरवला. मी तेलाची बाटली पुढे केली. त्यांनी चार थेंब टाकून धोतराच्या टोकानं ते लख्ख पुसलं आणि स्वतःच उठून खिळ्याला लावलं.

"नेत नाही?" मी विचारलं.

"छे! धनसिंग निघताना इचारत व्हता, आनतो का काय म्हून."

"मग काय सांगाल त्यांना?"

"सांगतो ना," पायात वहाणा सरकवत ते म्हणाले. "म्हनतो, लई मागितलं गड्या. बाई देतच न्हाईत."